खेळातलं यान, खरं यान

तासगावच्या बाजारात बोली लागते ती बेदाण्याची. अवकाशयान हा इथला माल नव्हे. पण मोबाइलवर किंवा थोरल्या भावाच्या लॅपटॉपवर यान बांधून ते उडवणारी मुलं आता इथंही आहेत, आणि त्यांचा हट्ट बहुधा एकच असतो: आपल्या इस्रोचा पीएसएलव्ही हुबेहूब बांधायचा. तुकडे जुळतात, रंग जमतो, बटण दाबल्यावर ते वरही जातं. मग कोणीतरी विचारतं, खरा असाच असतो का? गेली पंचवीस वर्षं निरनिराळे खेळ या प्रश्नाला निरनिराळी उत्तरं देत आले आहेत. माझं मत आधीच सांगतो. यान कसं फिरतं हे या खेळांनी फार चांगलं पकडलं आहे. ते कसं बनतं आणि कसं बिघडतं, याच्या जवळपासही त्यातले बहुतेक गेलेले नाहीत.

या घराण्यातला जुना आणि आजही कामाचा खेळ म्हणजे ‘ऑर्बिटर’. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या मार्टिन श्वायगर यांनी तो २००० साली फुकट उपलब्ध करून दिला. २०२१ मध्ये त्याचा मूळ कोडही खुला झाला. सूर्यमाला खऱ्या मापाची, गणित चोख. अडचण एवढीच की यात यान बांधता येत नाही. नवं यान हवं असेल तर ते प्रोग्रॅम लिहून आणावं लागतं. बांधणीची मजा आली ती मेक्सिकोतून. स्क्वाड ही खरं तर जाहिरात क्षेत्रातली कंपनी. तिथं काम करणाऱ्या फेलिपे फालांगे या ब्राझिलियन तरुणाच्या डोक्यातून ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ निघाला. पहिली आवृत्ती २४ जून २०११ ची, पूर्ण म्हणावी अशी २७ एप्रिल २०१५ ची. टाक्या, इंजिनं, पंख, पॅराशूट हे सारं सुटं मिळतं, ते एकावर एक जोडायचं आणि बुटक्या हिरव्या कर्बलांना आत बसवून उडवायचं. पुढं नासा आणि युरोपीय अवकाश संस्था या दोघांनीही या खेळाशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा दुसरा भाग अर्धवट अवस्थेत विक्रीला आला आणि २०२४ मध्ये त्याचं काम थंडावलं. त्यामुळे आजही लोक ‘कर्बल’ म्हणतात तेव्हा पहिलाच अभिप्रेत असतो. मोबाइलवरचा ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ दोन मितींचा, सपाट आहे, आणि त्यातले ग्रह खऱ्यापेक्षा पुष्कळ लहान. ‘चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ’ हा २०१६ चा लढाईचा खेळ थोडा वेगळा. त्याच्याकडे शेवटी वळू.

तर पीएसएलव्ही. उंची ४४.४ मीटर, उड्डाणाच्या वेळचं वजन ३२० टन, चार टप्पे: पहिला घन इंधनाचा, दुसरा द्रव, तिसरा घन, चौथा पुन्हा द्रव. एवढा सारा डोलारा ६०० किलोमीटर उंचीच्या सूर्यसमकालिक कक्षेत जास्तीत जास्त १,७५० किलो पोचवतो. म्हणजे शेकडा अर्ध्याहून किंचित जास्त. कर्बलमध्ये हे प्रमाण इतकं निर्दय नसतं, आणि पहिली गोची तिथंच आहे.

कर्बलांच्या ग्रहाचं नाव कर्बिन. त्याची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृथ्वीची ६,३७१. पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण मात्र आपल्याइतकंच ठेवलंय. याचा अर्थ कर्बिनची सरासरी घनता पृथ्वीच्या दहापटीहून जास्त, ऑस्मियम या सर्वांत जड धातूच्याही अडीच पट. असा ग्रह कुठं नसतो, पण खेळाला तो सोयीचा आहे. खालच्या कक्षेत फिरायला पृथ्वीवर सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग लागतो, कर्बिनवर २.३ पुरतो. हवेचा अडथळा आणि चढण्यात खर्ची पडणारा वेग धरला तर पृथ्वीवरून कक्षेत जायला एकूण ९.४ किलोमीटर प्रतिसेकंद इतका वेगबदल लागतो, कर्बिनवरून सुमारे ३.४. खेळाडू याला डेल्टा-व्ही म्हणतात आणि आमच्या पोरांच्या तोंडीही आता तोच शब्द आहे.

आकडा पावणेतीन पटीनं कमी, तेव्हा इंधनही तेवढ्याच पटीनं कमी लागत असेल असं वाटेल. तसं नाही. इंधन आणि वेगबदल यांचं नातं सांगणारं त्सिओल्कोव्स्कीचं समीकरण घातांकी आहे. झोताचा वेग सेकंदाला २.९४ किलोमीटर असलेलं साधारण बरं इंजिन धरलं, तर कर्बिनवर उड्डाणाच्या वजनातला जवळजवळ ३२ टक्के भाग कक्षेत पोचतो. पृथ्वीवर ४ टक्के. या ४ टक्क्यांत टाकी आली, इंजिन आलं, तारा, नळ्या, संगणक आणि उरलंच काही तर उपग्रह आला. ३२ टक्क्यांत गबाळेपणा खपून जातो. ४ टक्क्यांत प्रत्येक बोल्टचं वजन विचारावं लागतं. खऱ्या अवकाश अभियांत्रिकीचा स्वभाव या एका आकड्यातून घडलाय, आणि मूळ खेळानं नेमका तोच आकडा बदललाय.

बदलला तो बेफिकिरीनं नव्हे, समजून-उमजून. छोट्या ग्रहावर खरी टाकी दिली तर खेळ पोरखेळ होईल, म्हणून टाक्या मुद्दाम जड केल्या. कर्बलमधली एक नेहमीची टाकी रिकामी असताना पाव टन भरते आणि तिच्यात दोन टन इंधन मावतं: एकास आठ. अमेरिकी स्पेस शटलची बाहेरची टाकी शेवटच्या काळात साधारण साडेसव्वीस टनांची होती आणि तिच्यात सुमारे ७३५ टन इंधन व ऑक्सिडायझर मावे: एकास सत्तावीसहून जास्त. म्हणजे कर्बलमध्ये ग्रह सोपा आणि सामान निकृष्ट. दोन चुका एकमेकींना तोलून धरतात. म्हणूनच ज्यांनी फक्त ग्रह खऱ्या मापाचा केला आणि टाक्या मूळच्याच ठेवल्या, त्यांची रॉकेटं राक्षसी होत गेली. वास्तव असं तुकड्यातुकड्यानं आणता येत नाही, हे या खेळाच्या जगात लोक अनुभवानं शिकले.

आता इंजिनं. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा म्हणजे मॅरेजिंग पोलादाच्या २.८ मीटर व्यासाच्या पाच खंडांत भरलेलं जवळजवळ १३९ टन घन इंधन. या खंडांची कवचं घडवणाऱ्या कारखान्यांत पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे. ज्या वालचंद हिराचंद यांच्या नावानं सांगलीचं अभियांत्रिकी महाविद्यालय ओळखलं जातं, त्यांचंच हे गाव. घन इंधनाच्या संशोधनात पुण्याचे वसंत गोवारीकर यांचं नाव अग्रभागी. ते १९७९ ते १९८५ या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. जोर किती आणि कधी मिळणार, हे आतल्या पोकळीचा आकार ठरवतो: इंधन भरताना मधोमध ताऱ्याच्या आकाराची पोकळी ठेवली की नळीसारखी, यावर जळणारं क्षेत्रफळ अवलंबून आणि त्यावर जोर. मूळ कर्बलमध्ये घन बूस्टरचा जोर उड्डाणाआधी एका सरकपट्टीनं ठरतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. पोकळी नाही, तारा नाही, कवच फाटण्याची भीतीही नाही. म्हणजे वालचंदनगरात आणि तिरुवनंतपुरममध्ये जे काम चालतं, त्याला खेळात जागाच नाही.

दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन याहून बोलकं उदाहरण आहे. फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनावरून आलेलं, सुमारे ८० टन जोराचं. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात ही इंजिनं तयार होतात. खेळात इंजिन हा एक तुकडा आहे: वर टाकी, खाली ज्वाला. खऱ्या इंजिनाचं निम्मं दुखणं पंपात असतं. टाकीतलं द्रव ज्वलनकक्षातल्या प्रचंड दाबाविरुद्ध आत ढकलायचं, तेही सेकंदाला शेकडो किलो, आणि पंप फिरवायला वायूवर चालणारं टर्बाइन त्याच दांड्यावर बसवायचं. तासगावच्या शेजारी पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. १९१० पासून लोखंड ओतणारं आणि पुढं पंपांसाठी देशभर गाजलेलं हे गाव. पंपाच्या पात्याशी द्रवाचे बुडबुडे फुटून धातू कसा खाल्ला जातो हे या भागातल्या फाउंड्रीवाल्याला सांगावं लागत नाही. टर्बोपंपाच्या अभियंत्याचं मोठं भय तेच. यानबांधणीच्या बहुतेक लोकप्रिय खेळांत हा पंप वेगळा हाताळायला मिळत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

टाकीतल्या द्रवाचीही तीच कथा. खेळात इंधन हा एक आकडा आहे, तो कमी होत जातो. खऱ्या टाकीत ते हिंदकळतं. दुष्काळात बागा जगवायला अर्ध्या भरलेल्या टँकरनं वळण घेणारा आमच्याकडचा ड्रायव्हर जे सांभाळतो, तेच रॉकेटच्या नियंत्रण यंत्रणेला सांभाळावं लागतं. म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या बसवतात. वर अवकाशात इंजिन बंद असताना तर द्रवाला तळच राहत नाही. ते गोळे होऊन तरंगतं, आणि तसंच इंजिन चालू केलं तर नळीत बुडबुडा जातो. म्हणून आधी छोट्या इंजिनांनी किंवा अन्य उपायांनी द्रव तळाशी बसवून घ्यावं लागतं. शिवाय टाकीला दाब लागतो. १२ ऑगस्ट २०२१ ला इस्रोच्या जीएसएलव्ही एफ-१० या रॉकेटचा वरचा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. तपासात आढळलं की एका झडपेत गळती होऊन द्रव हायड्रोजनच्या टाकीतला दाब उतरला होता. एका झडपेपायी मोहीम गेली. खेळातल्या टाकीला झडपच नसते.

हे सगळं ‘मॉड’वाल्यांना ठाऊक नाही असं नाही. हौशी लोकांनी जगभर बसून कर्बलवर जोडण्या चढवल्या. ‘रिअल सोलर सिस्टिम’नं पृथ्वी खऱ्या मापाची केली. ‘रिअॅलिझम ओव्हरहॉल’नं टाक्या हलक्या केल्या, इंजिनं किती वेळा पेटतील यावर मर्यादा घातली, द्रव तळाशी नसेल तर ती पेटू दिली नाहीत, घन इंधनाच्या जोराला खरा चढउतार दिला. त्यावर बेतलेल्या ‘आरपी-१’मध्ये १९५० च्या दशकातल्या साध्या अग्निबाणापासून सुरुवात करावी लागते आणि एकेक इंजिन विकसित होण्याची वाट पाहावी लागते. तिथं पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं मोल कळतं. २६ सप्टेंबर २०१६ च्या सी-३५ मोहिमेत त्यानं आधी स्कॅटसॅट सोडला, नंतर त्याचीच इंजिनं दोनदा पुन्हा पेटवून बाकीचे उपग्रह वेगळ्या कक्षेत ठेवले. त्यात मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘प्रथम’ होता. मूळ खेळात हवं तेवढ्या वेळा बटण दाबता येतं, म्हणून ‘पुन्हा पेटवणं’ हा पराक्रम वाटतच नाही.

रॉकेट डुगडुगणं ही कर्बलची जगप्रसिद्ध तक्रार. उंच रॉकेट उभं केलं की ते माडासारखं हलतं. कारण गणिताच्या सोयीसाठी प्रत्येक तुकडा आपल्या एकाच ‘पालक’ तुकड्याला स्प्रिंगसारख्या सांध्यानं जोडलेला असतो. पीएसएलव्हीचे सहा बाजूचे बूस्टर खऱ्यात वर आणि खाली अशा दोन ठिकाणी बांधलेले असतात. खेळात एकच सांधा, मग वरून आधाराच्या काठ्या लावत बसायचं. गंमत अशी की खरं रॉकेटही वाकतं. लांब, पातळ कवचाचं शरीर सेकंदाला काही वेळा लवतं आणि ते लवणं दिशादर्शक यंत्राला ‘रॉकेट वळलं’ असं भासू शकतं. म्हणून नियंत्रणाच्या गणितात ही कंपनं गाळून घ्यावी लागतात. खेळ चुकीच्या कारणानं बरोबर दृश्य दाखवतो. लोक मात्र त्याला खोटं म्हणून हसतात.

दुसरी भानगड निव्वळ संगणकाची. खेळाचं भौतिकशास्त्र चालवणारं इंजिन साधारण सात अंकांपर्यंतच अचूक आकडे धरतं. उगमबिंदूपासून ६०० किलोमीटरवर गेलं की अशा आकड्यांतली सर्वांत लहान पायरी सव्वासहा सेंटिमीटर होते. तुकड्यांच्या जागा त्या पायरीनं उड्या मारू लागतात, सांध्यांवर नसलेला ताण येतो आणि धडधाकट यान आपोआप फुटतं. खेळाडूंनी या अदृश्य राक्षसाला ‘क्राकेन’ नाव दिलं. उपाय असा निघाला की यान हलवायचंच नाही. यान मध्यभागी ठेवून अवघं विश्व त्याच्याभोवती सरकवायचं. पृथ्वीला विश्वाच्या मध्यभागी ठेवणारा टॉलेमी खूश झाला असता.

हवेबद्दल थोडक्यात. २०१५ पूर्वीच्या कर्बलमध्ये हवेचा विरोध तुकड्याच्या वजनावर ठरे, आकारावर नाही. टोकदार नाक लावलं तरी रॉकेट उलट जड होई. पुढं ते बरंच सुधारलं आणि ‘फॅर’ या मॉडनं आकाराचा हिशेब नीट धरला. उपग्रहावरच्या उष्णकवचाचं महत्त्व मात्र खेळात वरवरचंच राहतं. ३१ ऑगस्ट २०१७ ला पीएसएलव्ही सी-३९ चं कवच उघडलंच नाही. चारही टप्पे चालले, पण टनभर जादा वजन घेऊन, आणि उपग्रह त्या कवचातच अडकून राहिला.

गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत मूळ कर्बल एका वेळी एकाच ग्रहाचं ओढणं मानतो. चंद्राच्या हद्दीत शिरलात की पृथ्वी संपली. शिकायला हे उत्तम आहे, कारण कक्षा स्वच्छ लंबवर्तुळ दिसते आणि कुठं इंजिन चालवायचं ते डोळ्यांनी कळतं. पण सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं ‘आदित्य-एल१’ इथं बांधून उपयोग नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेलं हे यान ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या बिंदूभोवती फिरू लागलं. तो बिंदू सूर्य आणि पृथ्वी दोघांच्या एकत्र ओढीतून तयार होतो. एकावेळी एकच ओढ मानणाऱ्या विश्वात तो नाहीच. ‘प्रिन्सिपिया’ हे मॉड सगळ्यांची ओढ एकत्र मोजतं आणि तिथं तो बिंदू सापडतो. मग कक्षा सरळ राहत नाहीत, सतत थोड्या दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि खेळणाऱ्याला घाम फुटतो.

मोठ्या रॉकेटांपेक्षा एक किलोचा उपग्रह या खेळांची जास्त कसोटी पाहतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या, म्हणजे सीओईपीच्या, विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह बांधला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही सी-३४ नं वीस उपग्रह नेले त्यात तो होता. काम हौशी रेडिओवाल्यांचे संदेश साठवून दुसरीकडे पोचवण्याचं. त्यासाठी अँटेना योग्य दिशेला राहिली पाहिजे, म्हणजे उपग्रह कसाही गिरक्या घेत राहता कामा नये. मोठ्या यानात फिरती चाकं किंवा छोटी इंजिनं हे काम करतात. एका किलोत ती बसवायची कुठं आणि वीज आणायची कुठून? मुलांनी चुंबक बसवला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत तो आपोआप वळतो. नुसता चुंबक मात्र डोलतच राहील, म्हणून सोबत विशिष्ट मिश्रधातूच्या कांड्या: क्षेत्र बदललं की त्या उलटसुलट चुंबकित होतात, त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपानं गमावली जाते आणि डोलणं हळूहळू शमतं. एकही हलता भाग नाही, एक वॅटही खर्च नाही.

हा ठोकळा कर्बलमध्ये बांधून पाहा. कर्बिनला चुंबकीय क्षेत्र नाही. म्हणजे स्वयम् इथं बांधताच येत नाही. दिसायला तसा ठोकळा होईल, आत मात्र चाक घालावं लागेल. आणि हे चाक खऱ्यापेक्षा अनेक पटींनी जोरदार. खऱ्या चाकाला वेगाची मर्यादा असते, ती गाठली की त्याचा उपयोग संपतो आणि साठलेली फिरत कुठंतरी टाकावी लागते. मूळ खेळातलं चाक थकतच नाही. विद्यार्थी उपग्रहाची सगळी हुशारी ज्या तंगीतून येते, ती तंगी खेळानं काढून टाकली आहे. शिवाय उपग्रहाची बरीच परीक्षा उड्डाणाआधीच होते: कंपनाच्या टेबलावर हादरे, निर्वातात तापवणं-गोठवणं. सोल्डरिंगचा सांधा तिथं सुटला तर बरं, वर सुटला तर वर्षांची मेहनत गेली. खेळात कारखान्यातून निघालेला प्रत्येक तुकडा निर्दोष असतो.

आणि चालवणारा कोण? इथं मला सर्वांत मोठी दरी दिसते. कर्बलमध्ये यान खेळाडूच्या बोटांवर चालतं. बिघडलं तर तो डोळ्यांनी पाहतो आणि सावरतो. खऱ्या यानात डोळे म्हणजे संवेदक, आणि ते खोटं बोलू शकतात. ७ ऑगस्ट २०२२ ला इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं. सोबत ग्रामीण सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या हातभारातून झालेला ‘आझादीसॅट’ होता. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचे हादरे बसले, त्वरणमापक त्यांच्या मर्यादेपलीकडे गेले, संगणकानं ते बिघडलेत असं ठरवलं आणि बचावाच्या मार्गावर गेला. रॉकेट धडधाकट होतं, इंजिनं चांगली चालली होती. कक्षा मात्र ३५६ किलोमीटरची गोल व्हायची ती ३५६ बाय ७६ झाली. ७६ किलोमीटरवर कक्षा टिकत नाही, उपग्रह हवेत शिरून गेले. ‘सगळं ठीक असूनही हरणं’ ही गोष्ट मूळ कर्बलमध्ये घडूच शकत नाही, कारण तिथं यानाला स्वतःचा वेग नेहमी अचूक ठाऊक असतो.

चांद्रयान-२ च्या विक्रम या चंद्रावर उतरणाऱ्या यानाचं दुखणंही याच जातीचं. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, चूक साठत गेली, ती दुरुस्त करायला यानाला झपाट्यानं वळायचं होतं, पण किती वेगानं वळायचं यावर आज्ञावलीनंच बंधन घातलेलं होतं. त्यात उतरायची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच. सप्टेंबर २०१९ मध्ये ते कोसळलं. चांद्रयान-३ बांधताना मधलं पाचवं इंजिन काढलं, पाय बळकट केले, वेग मोजणारं नवं लेझर यंत्र बसवलं आणि जागा चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर केली. ‘काय काय चुकू शकतं’ यावरून आराखडा करायचा, हे त्यामागचं धोरण होतं. मग हेलिकॉप्टरला टांगून चाचण्या, क्रेनला टांगून इंजिनं पेटवण्याच्या चाचण्या, चंद्रासारख्या मातीवर पाय आपटण्याच्या चाचण्या. चंद्राच्या मातीची नक्कल करायला इस्रोनं चांद्रयान-२ च्या वेळी तमिळनाडूत सेलमजवळच्या सिताम्पुंडी आणि कुन्नामलै गावांतला अॅनॉर्थोसाइट दगड दळून वापरला होता. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरलं तेव्हा घरोघरच्या पडद्यांवर जे दिसलं, त्याच्या मागं ही सारी दगडमाती होती. अवकाशाच्या खेळात दगड दळायची सोय नसते आणि कदाचित असूही नये, कोण खेळेल?

मंगळयानाचं उदाहरण वेळेचं. १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वी सोडल्यावर त्याचं ४४० न्यूटनचं मुख्य इंजिन जवळजवळ ३०० दिवस झोपून होतं. २२ सप्टेंबर २०१४ ला ते फक्त चार सेकंद चालवून पाहिलं, आणि २४ तारखेला निर्णायक चोवीस मिनिटांसाठी पेटवलं. मंगळाकडून संदेश यायला तेव्हा साडेबारा मिनिटं लागत होती, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवलेल्या. खेळात हे ३०० दिवस काळ पळवण्याच्या बटणानं मिनिटभरात संपतात, आणि झडप अडकली असेल का ही धाकधूक त्यांच्याबरोबरच संपते. ‘रिमोटटेक’ मॉड संदेशाचा उशीर आणतं. ‘केओएस’ यानाला स्वतःचा प्रोग्रॅम लिहू देतं. माझ्या मते गंभीर विद्यार्थ्यानं या दोनपासूनच सुरुवात करावी. हातानं उतरवलेलं यान करमणूक आहे. आपण लिहिलेल्या तीस ओळींनी उतरवलेलं, किंवा आपटलेलं, यान हा अभ्यास आहे.

बिघाड खेळात आणण्याचा प्रामाणिक प्रयत्न ‘टेस्टफ्लाइट’ मॉडनं केलाय. त्यात नवं इंजिन बेभरवशाचं असतं. जितकं जास्त चालवून पाहाल तितका त्याचा अनुभव साठतो आणि बिघडण्याची शक्यता घटते. चाचण्यांवर पैसा का जातो हे तिथं पहिल्यांदा कळतं. उणीव अशी की बिघाड सोंगटीच्या दानासारखा पडतो. का बिघडलं याचं उत्तर नाही, म्हणून पुढच्या वेळी आराखडा बदलून ते टाळताही येत नाही. ‘चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ’ इथं वरचढ ठरतो. त्यात इंजिनाचा धातू, नळकांड्याची जाडी, झोताच्या तोंडाचा घेर तुम्हीच ठरवता, आणि धातू वितळला तर तो कोणत्या तापमानाला का वितळला हेही दिसतं. दुर्दैवानं सगळी कारागिरी एकमेकांची जहाजं फोडण्यासाठी आहे.

वास्तवाचा अतिरेक करण्याच्या मी विरुद्ध आहे. सगळी मॉडं चढवलेला कर्बल चालवायला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो, जुळवाजुळवीत संध्याकाळ जाते, आणि पहिलं रॉकेट उडायच्या आधीच निम्मी मुलं क्रिकेटला पळतात. या खेळांत मराठी भाषा नाही, हाही अडथळा छोटा नाही. ‘अपोअॅप्सिस’ समजावून सांगणाऱ्याला कक्षेचा सर्वांत दूरचा बिंदू हातानं काढून दाखवावा लागतो. पहिलं वर्ष छोट्या कर्बिनवरच घालवावं. तिथं अर्ध्या तासात प्रदक्षिणा पूर्ण होते आणि चूक लगेच कळते. ‘ऑर्बिटर’ जुन्या संगणकावरही चालतो, तो शाळेसाठी बरा. खरं माप, मोजकं इंधन आणि मर्यादित पेटवणी त्यानंतर.

सांगली-इस्लामपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कोणाला हात घालायचा असेल तर एक काम मोकळं पडलेलं आहे: ‘स्वयम्’ खेळात खरोखर बांधता येईल असं मॉड. ते आवाक्यातलं आहे. कर्बलची मॉडं सी-शार्प भाषेत लिहिली जातात. कर्बिनला चुंबकीय क्षेत्र द्यायचं म्हणजे द्विध्रुवाचं सूत्र लिहायचं; ते बारावीच्या पुस्तकापासून फार लांब नाही. चुंबकावर त्या क्षेत्राचा पीळ किती बसेल हेही एका ओळीत येतं. अवघड पडेल ते कांड्यांचं. धातू आधी कुठल्या दिशेनं चुंबकित झाला होता याची आठवण ठेवणारं वर्तुळ प्रत्येक क्षणी मोजावं लागेल, आणि काळ हजार पटीनं पळवला की ते गणित कोलमडेल. तिथं काय करायचं, डोलणं शमण्याचा सरासरी वेग काढून तेवढाच लावायचा की काळ पळवायला बंदी घालायची, हे लिहिणाऱ्यानं ठरवावं. मी पहिला पर्याय घेईन.